मामूंच्या बासची दांडी

बेंबळी, जि. धाराशिव

मोहतरम पाशामामूंच्या खिदमतीत भाचा फिरोजचा सलाम. पत्र मराठीत लिहितोय, राग मानू नका. मागचं पत्र उर्दूत लिहिलं, तर तुम्ही ते लाल पेनानं तपासून, खाली ‘कोशिश जारी रखो’ असा शेरा मारून परत पाठवलंत आणि ते नेमकं अम्मीच्या हातात पडलं. (तिनं ते भिंतीला चिकटवलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते.) तुमचे गुडघे काय म्हणतात? साखर? सरदारबी मुमानींचा दमा, झुबेरभाईंची नोकरी आणि तुमच्या सहाव्या मजल्याची लिफ्ट, या तिघांचीही तब्येत बरी असेल अशी उमेद आहे. इकडं सगळे खैरियतीत आहेत. म्हणजे माणसं खैरियतीत आहेत. तुमच्या डबल बासची हालत मात्र एका वाक्यात सांगण्यासारखी नाही. (आमचा पोस्टमन पत्रं वाचतो, त्याच्या सोयीसाठी खुलासा: डबल बास म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. जमिनीवर उभं करून वाजवायचं. आवाज पोटातून येतो, त्याच्याही आणि आपल्याही.)

हैदराबादच्या हॉटेलात उभी हयात ज्याला कवेत घेऊन तुम्ही वाजवत उभे राहिलात, तो बास तुम्ही आमच्या बँड पार्टीला देऊन टाकलात, हे उपकार विसरणार नाही. झुबेरभाईंनी तो टेंपोत घालून धाराशिवपर्यंत पाठवला. त्याला खोळ नाही असं ते फोनवर म्हणाले, म्हणून मी शेजारच्या कस्तुराबाईंकडून खोळ शिवून नेली. त्या गोधड्या शिवतात. मी माप सांगितलं: उंच, खांदे उतरते, कंबर बारीक, खाली भारी. त्यांनी काही विचारलं नाही, आपलं जुनं हिरवं इरकल काढलं, शिवलं आणि वर पदरही ठेवला. पदर कशाला, असं मी म्हणालो तर म्हणाल्या, “पदराबिगर असल्या अंगाच्या बाईला बाहीर न्हेतेत व्हय रं?” परतीच्या एसटीत खोळ चढवलेल्या बासकडं कंडक्टरनं एकदाच पाहिलं आणि बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट फाडलं. मी म्हणालो, अहो, सामान आहे हे. झालं. मागच्या सीटवरच्या दोघी जणी उठल्याच. घरच्या बाईला सामान म्हणतोस, तुझ्या जिभेला काही हाड? बेंबळी येईपर्यंत मी मान खाली घालून उभा होतो आणि बास खिडकीशी बसून आला.

आता मुद्द्यावर येतो. धोंडीबा पाटलांच्या नातवाचं, रणधीरचं लग्न ठरलं. धोंडीबांना बँड हवा होता, रणधीरला डीजे. डीजेत छातीत धमका बसतो, बँडमध्ये बसत नाही, असं त्याचं म्हणणं. तुम्हाला माहीत आहे, दोन वर्षं झाली, गावातली एकेक सुपारी डीजेकडं चाललीय. आमचा ढोलवाला वीटभट्टीवर जातो आणि ट्रंपेटवाला रिक्षा चालवतो. पाटलांचं हे घरही हातचं गेलं तर बँडची, अब्बांच्या नावाची पाटी काढून ठेवायची वेळ आली होती. मी रणधीरला सांगितलं, धमका मी देतो. हैदराबादहून धमका मागवलाय. तो म्हणाला, बघू. एवढ्या एका ‘बघू’वर मी सुपारी घेतली. घरी येऊन खोळ काढली, बास आडवा केला आणि पाहतो तर बुडाला नुसतं भोक. ज्या लोखंडी दांडीवर तो उभा राहतो ती दांडी नाही, ती आवळायचा पेच नाही, टोकाचं रबरही नाही. पाटावर ठेवला तर घसरतो. पोत्यावर ठेवला तर अर्धा आवाज पोतं पितं. मांडीवर घेऊन पाहिला, तर अम्मी म्हणाली, त्याला उतरव आधी, मला बघवत नाही.

धाराशिवला वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारानं भोकाचा फोटो मोबाईलवर मोठा करून, लहान करून, उलटा करून पाहिला आणि हार्मोनियमचा भाता देऊ का म्हणाला. ऑनलाईन मागवली, ती आली बोटाएवढी. (फोटोत भाल्याएवढी दिसत होती. सध्या अम्मी तिनं पायजम्यात नाडी ओवते.) मग कुणीतरी सुचवलं, निदान रबर तरी मेडिकलमध्ये मिळेल, कुबडीच्या टोकाला असतं तसलं. मेडिकलवाला भला माणूस. त्यानं विचारलं, पेशंटचा कोणता पाय? मी म्हणालो, एकच आहे. तो हळहळला. वजन विचारलं, उंची विचारली, जन्मापासून असंच का विचारलं. मी म्हणालो, नाही हो, हैदराबादहून येताना गेला. त्यानं रबर फुकट दिलं, दिव्यांगांच्या शिबिराची तारीख सांगितली आणि हिंमत सोडू नका म्हणून माझा हात हातात घेतला. माझ्याच्यानं खरं सांगवलं नाही. रबर खिशात घालून निघालो, ते मात्र अगदी मापाचं होतं.

राहिली दांडी आणि पेच. त्यासाठी माकणीला शांतलिंग वेल्डरकडं गेलो. हा माणूस धरणाकाठच्या शेतकऱ्यांची इंजिनं, मोटारी, कडबाकुट्ट्या दुरुस्त करतो आणि एवढा आत्मविश्वास मी आजवर कुणात पाहिला नाही. मी सगळं समजावून सांगितलं: एवढी जाड दांडी, एवढी लांब, वरखाली होणारी, आवळता येणारी, खाली टोक. तो डोळे मिटून ऐकत होता. शेवटी एकच प्रश्न विचारला, “बँड चालत असतोय का उभा ऱ्हातोय?” मी म्हणालो, चालतो. “मग झालं तर. जावा तुमी.” मला वाटलं, कारागीर आहे, कमी बोलणारच. लग्नाच्या सकाळी त्यानं बास आणून दिला. दांडी पक्की बसवलेली, पेच झकास, आणि टोकाला टोक नाही, चाक! बेअरिंग घातलेलं, ग्रीस लावलेलं, बोट लावलं की फिरत राहणारं चाक. मी कपाळाला हात लावला. तो उलट माझ्यावरच चिडला. चालणाऱ्या बँडात थांबणारं वाद्य कशाला पाहिजे, ह्याचं उत्तर द्या म्हणाला. मामू, याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला निघाला. पुढं आमचा बँड, सगळ्यात पुढं मी. एका हातात क्लॅरनेट, दुसऱ्या हातानं इरकलमधला बास ढकलत होतो. (ऊन लाकडाला सोसत नाही म्हणून खोळ मांडवाच्या दारातच काढायची, असं कस्तुराबाईंनी बजावलं होतं.) जाताना चढ होता, काही वाटलं नाही. येताना मात्र मारुतीपासून मांडवापर्यंत सरळ उतार. मी फक्त टोपी सावरायला हात सोडला. शांतलिंगच्या बेअरिंगची तारीफ करावी तेवढी थोडी. बास पदर उडवत पुढं, मी त्याच्यामागं. आमच्या पोरांना वाटलं, मास्तर पळतोय म्हणजे लय वाढवायची आहे. त्यांनी दुप्पट लयीत वाजवायला घेतलं आणि तेही पळाले. बँड पळाला म्हणून घोडा पळाला, घोडा पळाला म्हणून वऱ्हाड पळालं. रणधीर घोड्यावरून काहीतरी ओरडत होता, ते माझ्याबद्दल असावं.

बास थेट मांडवात शिरला आणि बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून, पदर तोंडावर घेऊन उभा राहिला. मी दारात पोचलो तर धोंडीबांच्या सूनबाईंनी मला अडवलं, पुरुषांनी तिकडं. लग्नात कुणाला कुणाचं तोंड बघायची सवड असते मामू? मुलीकडचे ईट गावचे. त्यांना वाटलं, ही नवरदेवाची आत्या. इकडच्यांना वाटलं, नवरीची मावशी. बाई उंचीपुरी, अंगानं भरलेली, बसा म्हटलं तर बसत नाही, पाणी दिलं तर घेत नाही, एक शब्द बोलत नाही. म्हणजे रुसली! मानपानात काहीतरी चुकलं! ईटकरणींनी घाईघाईनं खण-नारळ आणून ओटी भरली. इकडच्यांनी ते पाहिलं आणि आपण कमी पडायला नको म्हणून लुगडं नेसवलं, तेही इरकलच्या वरून. मग त्यांनी हळद-कुंकू लावलं, यांनी गजरा घातला. एक म्हातारी कानाशी जाऊन म्हणाली, “सोडा की आता राग, पोरांचं लगीन हाय, वंगाळ दिसतं.” मी कनातीच्या फटीतून हे सगळं पाहत होतो. सांगणार कुणाला आणि कोणत्या तोंडानं? खरी गंमत अशी की, ही एवढी मोठी बाई रुसलेली पाहून बाकी कुणाला रुसायचं धाडस झालं नाही. धोंडीबांच्या घरातलं हे बिनाभांडणाचं पहिलं लग्न, असं ते स्वतः मला म्हणाले.

अक्षता पडल्यावर मी कसाबसा बास सोडवून आणला, दोन्ही लुगडी उतरवली, गजरा तसाच ठेवला आणि वाजवायला उभा राहिलो. तार ओढली की बास पुढं सरके. मी त्याच्यामागं सरकत वाजवत राहिलो, वाजवत वाजवत मांडवाला फेरी मारली. पंगतीतून गेलो, आचाऱ्याच्या चुलाणाजवळून गेलो. आवाज आला तो चाकाचा. रणधीरनं सगळं बघून घेतलं आणि जवळ येऊन म्हणाला, “मास्तर, मावशी आवडली. पर धमका कुटाय?” त्याच्या बहिणीचं, निकिताचं लग्न दिवाळीनंतर आहे. तेवढी एक संधी देतो म्हणाला. तेव्हाही छातीत काही बसलं नाही, तर डीजे, आणि मग गावात पुन्हा बँडचं नाव निघणार नाही.

तर मामू, विनंती एवढीच की जरा घरात शोधून बघा. माळ्यावर, पलंगाखाली, झुबेरभाईंच्या गाडीच्या डिकीत. असली लांब लोखंडी वस्तू घरात हरवत नाही, कुठंतरी आडवी पडलेली असते. मुमानींना सलाम, झुबेरभाईंच्या मुलांना प्यार.

तुमचा आज्ञाधारक,
फिरोज (क्लॅरनेट)

ता. क. बासची भरलेली ओटी परत करायची कुणाला, हे ठरत नव्हतं. नारळ आम्ही फोडून खाल्ला. लुगडं कस्तुराबाईंनी ठेवून घेतलं, बासला दुसरी खोळ करणार आहेत. या हंगामात दोन घरांनी निरोप पाठवलाय की बँड नसला तरी चालेल, मावशीला पाठवा.

ता. क. २. माळ्यावर चढू नका, तुमचे गुडघे नाजूक आहेत. झुबेरभाईंच्या डिकीतही बघू नका. दांडी कुठं आहे हे मला पत्र लिहायला बसायच्या आधीपासून माहीत आहे. मुमानींनी फोनवर सांगितलं. ती तुमच्या गादीखाली आहे, जुन्या लुंगीत गुंडाळलेली. बास टेंपोत चढवायच्या आधी तुम्हीच ती काढून घेतलीत. दुपारी सगळे झोपले की बाहेर काढता, तेल लावता, थोडा वेळ हातात धरून बसता आणि परत ठेवून देता. ऐकून पहिल्यांदा मला फार राग आला. माकणीचा तो वेल्डर, तो मेडिकलवाला, ती म्हातारी, सगळे डोळ्यांपुढं आले, म्हणून तर हे सगळं एवढं लांबण लावून तुम्हाला ऐकवलं. मग मुमानी म्हणाल्या, बास गेल्यापासून ते नीट जेवत नाहीत. त्यानंतर राग काही टिकला नाही.

ता. क. ३. दांडी कुरिअरनं पाठवू नका. निकिताच्या लग्नाला स्वतः घेऊन या. तुम्ही वाजवा, मी क्लॅरनेट धरतो. रणधीरच्या छातीत काय बसायचं ते बसू द्या. परत जाताना दांडी बरोबर घेऊन जा, माझी काही हरकत नाही. पुढच्या सुपारीला पुन्हा घेऊन यावं लागेल, एवढंच.