अध्यक्षांच्या दालनातून एक नाव

अण्णा,

तुम्ही जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांचे स्वीय सहायक होतात आणि मी तुमची टिंगल करत असे. साहेब शिंकले की आमच्या घरी रुमाल निघतो, असं मी स्वयंपाकघरात आईला सांगायचो. आता मी रियाधमध्ये एका मोठ्या कंपनीच्या अध्यक्षांचं कार्यालय सांभाळतो आणि रुमाल माझ्याच खिशात असतो. पगार बरा आहे, एवढाच घराण्याचा उत्कर्ष.

एक दिवस हल्ली सारखा आठवतो. अध्यक्षांच्या मास्तर पुतण्याला गावाजवळची शाळा हवी होती, म्हणून तिथल्या गुरुजींना डोंगरापलीकडे धाडायचं ठरलं. आदेश तुम्हीच टाइप केलात. पण तो टपालात पडायच्या आधी, मला स्कूटरवर मागे बसवून, तुम्ही गुरुजींच्या घरी गेलात. मी दहावीत होतो. ओटीवर बसून तुम्ही स्वतः सांगता, आतून गुरुजींची बायको म्हणते, "चहा टाकलाय, घेऊन जा." आणि तुम्ही तो खाली मान घालून पिता. परतताना मी म्हणालो, "एवढं वाईट वाटतं, तर टाइप कशाला केलंत?" तुम्ही स्कूटर थांबवलीत. "आदेश अडवण्याएवढा मी मोठा नाही. पण तोंड दाखवायला कोणी अडवलेलं नाही. तुला चुरचुरीत बोलता येतं, तेवढ्यावर भागत नाही."

पुतणे इथेही असतात, अण्णा. फक्त कपड्यांची इस्त्री कडक आणि अत्तर उंची. शिवाय इथे सरकार कंपन्यांना रंग देतं. सौदी माणसं कमी पडली की कंपनी लाल, आणि लाल झाली की आमच्यापैकी कुणाचाच इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, पुढे वाढत नाही. यंदा इथल्या कामगार मंत्रालयातून रोज फोन. अध्यक्ष आधी चिडले, मग गोड झाले. ते जास्त वाईट. म्हणाले, "तुमच्या दालनातून एक परदेशी कमी करा. नाव तुम्हीच द्या. गुरुवारपर्यंत. खलास."

दालनात परदेशी दोनच. एक मी, दुसरा दापोलीकडचा, पत्रव्यवहार बघणारा. मी आलो तेव्हा अरबीत नमस्कार-चमत्कार त्यानेच शिकवले. अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर, दर शुक्रवारी मला बत्ह्याच्या बाजारात जेवायला नेणारा. माझी मुलगी बारावीला आहे. माझा इकामा गेला की तिची शाळा अर्ध्यावर. त्याचीही दोन मुलं शिकतात, पण ती तिकडे दापोलीत, अशी मी स्वतःची समजूत काढली. त्याचं नाव लिहिलं. स्पेलिंगसुद्धा तपासलं.

त्याचं घर गाडीने वीस मिनिटांवर. गेलो नाही. रविवारी त्याचं कार्ड दाराला चालेना. हसतच माझ्या टेबलाशी आला. "भाऊ, कार्ड मेलं माझं." मग माझ्याकडे बघून, हळू, "माझं नाव आलं काय?"

मी म्हणालो, "मलाही आत्ताच कळतंय."

माझ्याच खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तू सांभाळून राहा. हे तुलापण सोडायचे नाय."

त्याच्या खुर्चीत आता अध्यक्षांचा पुतण्या बसतो. सभ्य आहे, मला उस्ताद म्हणतो. त्याच्यावर धड रागावताही येत नाही.

ज्याचं नाव लिहिलं, तो आता दापोलीहून दर शुक्रवारी दुपारी फोन करतो. पहिल्यांदा मी उचलला. म्हणाला, "नमाज पढून आलो. तुझी नोकरी टिकू दे, अशी दुआ मागितली." त्यानंतर मी उचलत नाही. घरात बायको विचारते, "कोणाचा?" मी म्हणतो, "बँकेचा." बत्ह्यात जाणं सुटलंय, एकट्याने जेवायला ती जागा फार गजबजलेली आहे.

तुम्हाला एवढं सविस्तर लिहिता आलं, कारण तुम्ही आता या जगात नाही, हे पोचणार नाही. ज्याला पोचेल, त्याला सकाळपासून लिहायला बसलोय. "मित्रा" एवढंच झालं होतं. तेही खोडलं.