ह्यो पाय म्या केलेला न्हाई

आबा,

तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आणि आज कुणाशी बोलावं म्हणून विचार केला तर तुमच्याशिवाय कुणी आठवलं नाही. सांगलीच्या या घरात मी एकटीच असते. गेल्या आठवड्यात फोन इतका वाजत होता की बंद करून ठेवावासा वाटे. आता चार दिवस तो गप्प आहे, आणि बिघडला तर नाही ना म्हणून मीच मधूनमधून उचलून बघते. एकटं वाटतंय, आबा. या वयात असं लिहायची लाज वाटते, पण वाटतंय.

झालं असं, की इकडच्या एका पुढाऱ्यानं पाण्याच्या एकाच टाकीचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. टाकीत अजून थेंब नाही. मी पेपरात व्यंगचित्र काढलं. वर कोरडी टाकी, खाली रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका, आणि मधोमध साहेब नारळ फोडतायत. पाणी काय ते नारळातलंच. दुसऱ्या दिवशी त्यांच्या माणसांनी चौकात पेपर जाळला. संपादक म्हणाले, "दोन ओळी खेद लिहून द्या, विषय मिटेल." मी म्हटलं, टाकीत पाणी येऊ दे, मग देते. तेव्हापासून माझ्या चित्राच्या जागी शिकवणी वर्गाची जाहिरात येते. 'बाई झुकल्या नाहीत' म्हणून चार लोकांनी कौतुक केलं. ते मला गोड लागलं, खोटं कशाला बोलू.

मग एका दुपारी एका बाईंचा फोन आला. "मी त्यांच्या घरातनं बोलते. टाकीचं तुमी काढलंय त्ये खरंच हाय, त्येच्यावर मला काय म्हणायचं न्हाई. पर लकव्यानं त्यांचं तोंड वाकडं झालंय वो. पाणी पितानाबी हनुवटीखाली टॉवेल धरावा लागतो मला. त्ये कशाला काढलंत?" एवढं बोलून फोन ठेवला त्यांनी. चित्रात ते तोंड होतंच, आबा. चांगलं ठसठशीत वाकडं काढलं होतं.

त्या दिवसापासून कुपवाडची आपली खोली डोळ्यांपुढून हलत नाही. आईनं नुकताच चुना दिलेली स्वयंपाकघराची भिंत, आणि तिच्यावर मी कोळशानं तुम्हाला काढलंय. पलटणीतून लंगडत परत आलेला तुमचा उजवा पाय, हातात कारखान्याच्या वॉचमनची काठी. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसतायत, आईसुद्धा हसतेय, आणि तुम्ही ड्यूटीवरून येऊन दारात उभे राहता. आता पाठीत बसणार म्हणून मी अंग चोरते. तुम्ही काठी टेकत भिंतीजवळ येता.

"पाय बेस काढलायस गं," तुम्ही म्हणालात. "पर ह्यो पाय म्या केलेला न्हाई. म्या काय करतो, त्ये काढ की."

"काय करता?"

"भोंगा झाला की गेट लावतो. मिनिटभर उशीर झालेला गडी भायेर ऱ्हातो, त्येचा खाडा पडतो. सायबाचा हुकूम हाय, पर हात माझाच हाय न्हवं? त्ये काढ."

मी कॅलेंडरच्या पाठीमागे काढलं. बंद गेट, बाहेर सायकली धरलेली माणसं, आत मान फिरवून उभे तुम्ही. पाय त्यात आलाच नाही. तो कागद तुम्ही नेलात तेव्हा वाटलं, फाडून टाकणार. तुम्ही तो भाताच्या शितांनी गेटवरच्या केबिनच्या काचेवर चिकटवलात, तोंड बाहेरच्या बाजूला करून. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या साहेबानं फाडला. घरी येऊन तुम्ही आईला सांगत होतात, "तीन दिस गेट लावताना हात जड झाला बघ." त्याच आठवड्यात माझ्यासाठी काळ्या शाईची दौत आणलीत. पुढं लोक मला विचारायचे, कुठं शिकलात. मी कुठल्या कुठल्या मास्तरांची नावं सांगत राहिले, तुमचं कधीच सांगितलं नाही.

काल ते टाकीचं चित्र पुन्हा काढलं, सरळ तोंडाचं. साहेब ओळखू येतात. टाकी जास्तच कोरडी दिसते. पण ते छापणार कोण? आणि तोंडाबद्दल चुकले असं लिहून दिलं, तर हे लोक टाकीचीही माफी मागितली म्हणून गावभर पेढे वाटतील. म्हणून गप्प बसलेय. खरं तर हे पत्र त्या बाईंना लिहायला हवं होतं. घर माहीत आहे, इथून चालत दहा मिनिटांवर. पण तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही दार उघडून समोर उभे राहणार नाही. हे ड्रॉइंगबोर्डाखाली सरकवून ठेवते.

आणि एक राहिलं. सगळ्यांना मी सांगितलं की ती टाकी बघून मला चित्र सुचलं. तसं नाही, आबा. आधी मी तोंड काढलं होतं, हसत हसत. टाकी नंतर सुचली.