ढिगाचा दगड

अप्पा, आज दुपारी ऑफिसात मी नकाशावरची एक रेघ मागे घेतली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मी नेमकं काय करतो हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. कोळशाच्या उघड्या खाणीत कोळसा लागण्याआधी वरची माती आणि दगड काढावा लागतो, कोळशाच्या कितीतरी पट. तो कुठं टाकायचा, किती उंच रचायचा, पावसाचं पाणी कुठून जाऊ द्यायचं, हे आम्ही ठरवतो. खाणी तिकडे चंद्रपूरकडे, नकाशे इथं चिकलठाण्यात. तुम्ही हसला असता. "म्हंजे आपलाच धंदा की रं, भोक तेवढं मोठं."

वैजापूरकडच्या विहिरी खोदणाऱ्या टोळीचे तुम्ही मुकादम. कुठल्याही शेतात गेलात की विहिरीआधी ढिगाची जागा बघायचात. नारळाची एक वाटी विहिरीच्या जागी ठेवायचात आणि दुसरी, जिथून ढीग सुरू होणार तिथं रोवलेल्या दगडापाशी. त्या दगडाला कुंकू लागलं की त्याच्या अलीकडे एक घमेलं पडायचं नाही. टोळीतले चेष्टा करायचे, "मुकादम, उकिरड्याला बी नारळ व्हय?" तुम्ही म्हणायचात, "विहीर मालकाची, पाणी देवाचं. ढीग तेवढा आपला हाय." एकदा मी काळी माती मुरमावरच ओतली, तर सगळ्यांदेखत मला ती हातानं वेचायला लावलीत. "मुरमात ज्वारी येती का? ही परत लागती." वरची माती वेगळी साठवावी, हे वाक्य आता मी प्रत्येक अहवालात लिहितो, आणि दर वेळी नखांत ती माती जाणवते.

आजच्या नकाशात ढिगाचा पाया एका कोरड्या नाल्याला अगदी खेटून होता. नाल्यापलीकडे शेतं आहेत. आमचे साहेब माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. म्हणाले, "काका, नियमात बसतंय ना? मग कशाला डंपर लांब पळवायचे? आठ महिने कोरडाच असतो तो."

"आणि उरलेले चार महिने?"

"मग खाणवाल्यांना तुम्हीच सांगा. पुढचं काम गेलं तर माझ्याकडे बघू नका."

फोन करून मीच सांगितलं. पलीकडचा आवाज एकदम तुटक झाला. सोमवारी ते येणार आहेत. काम राहील की जाईल, माहीत नाही. मागे घेतलेल्या रेघेखाली सही मात्र करून टाकली.

जाताना साहेबांनी विचारलं, "एवढा हट्ट कशासाठी, काका?" मी नकाशा गुंडाळायला घेतला. डोळ्यांपुढे तुमची शेवटची विहीर होती. श्रावणात एका पावसात ढिगाचा मुरूम घसरला, बांधाकडेची ओघळ बुजली आणि पाणी शेजाऱ्याच्या कपाशीत घुसलं. तो तुमच्या दारात उभा राहून ओरडतोय, "एवढ्या विहिरी खांदल्या, तुम्हाला वघळ दिसली नाय?" आणि तुम्ही हात जोडून म्हणताय, "चूक माझी हाय. नजर गेली आता माझी." आठवडाभर तुम्ही ती ओघळ उपसत होता. मी शेजारी घमेली उचलत होतो. त्यानंतर तुम्ही कुठल्याही दगडाला कुंकू लावलं नाहीत. टोळी दुसऱ्याच्या हाती दिलीत आणि ओट्यावर बसून राहू लागलात.

सकाळी देवापुढं दिवा लावताना तुमच्या फोटोलाही हात जोडतो, पण इतक्या वर्षांत हे एकदाही बोललो नाही. हे पत्र आजच्या नकाशाच्या गुंडाळीत ठेवून देतो. त्या विहिरीच्या वेळी तुम्ही दोन दिवस लग्नाला गेला होतात. ऊन लई होतं, दगड ओघळीपासून चांगला लांब होता, आणि डिप्लोमाच्या सुट्टीत आलेल्या मला एवढ्या लांब घमेली वाहायचा कंटाळा आला. मी तो पंधरा पावलं अलीकडे, विहिरीच्या आणि ओघळीच्या बाजूला आणून रोवला. देवघरातलं कुंकू आणून पुन्हा लावलं. तुम्ही परत आलात, ढिगाकडे बराच वेळ बघत उभे राहिलात, आणि डोळे चोळलेत.

अप्पा, तुमची नजर चांगली होती.