बाबा किती वेगानं बोलायचे?

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे तूर्त फक्त शिर; बाकीची अंगं कंबर सुटल्यावर पोचती करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा रक्तदाब? त्यांना म्हणावं, जिना उतरताना कठडा धरत जा. परवाच आमच्या विमा कचेरीत कठडा न धरणाऱ्या एका गृहस्थांचा दावा आला होता, तपशील लिहीत नाही. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायचा प्रघात आहे म्हणून लिहितो. आई ठणठणीत आहे. तुझी भावजय माझ्याशी बोलते आहे, पण तोलूनमापून. माझं म्हणशील तर तू लहानपणी मला भित्री भागूबाई म्हणायचीस, त्यात वयानुसार प्रगती आहे.

तर झालं असं. आई माझ्याकडे राहायला आली, तिची ट्रंक उपसली, तेव्हा तळाशी जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बाबांची ती छोटी तबकडी निघाली. काचेच्या खोलीत उभं राहून आपला आवाज तबकडीवर उतरवून घ्यायचं ते दुकान होतं ना, तिथली. (तू शाळेत होतीस म्हणून तुला नेलं नाही आणि तू जेवली नाहीस, असं आई अजून सांगते.) मी तेव्हा पाळण्यात. घरी वाजवायला यंत्र नव्हतं, शेजाऱ्यांकडे लावू, लावू म्हणता म्हणता बाबाच गेले, आणि पुढे आईला ती सोसली नसती म्हणून कोणी विषय काढला नाही. आता आईच्या एका कानानं राजीनामा दिलाय आणि दुसऱ्यानं नोटीस. कानाच्या डॉक्टरांनी मान हलवली तेव्हा आई रिक्षात बसता बसता म्हणाली, हाही कान जायच्या आत एकदा यांचा आवाज ऐकव. एवढंच म्हणाली आणि खिडकी नसलेल्या रिक्षातून बाहेर बघत बसली. मग मी काय करणार होतो, सांग.

म्हणून जुन्या सामानाच्या दुकानातून हे तबकडीयंत्र आणलं. दुकानदार म्हणाला, एकदम चालू आहे. चालू होतं, यात वाद नाही. कुठल्या वेगानं ते मी विचारलं नाही. त्यानं वर एक व्यायामाची तबकडी फुकट दिली, त्यावरच मी तपासणी करायचं ठरवलं, कारण बाबांच्या एकुलत्या एका तबकडीवर परक्या यंत्राची सुई टेकवायची माझी छाती नव्हती. पहिल्यांदा लावली तर व्यायामाचे मास्तर गाडी चुकत असल्यासारखे बोलायला लागले. मग मधेच त्यांचा आवाज असा खोल गेला, की मला दरदरून घाम फुटला. विहिरीतून कोणी हाक मारावी तसा. मी सरळ वायर ओढली. (हात कोरडे होते, पायात रबरी चपला होत्या, खाली लाकडी पाट होता. अशा प्रकरणांत नंतर काय काय विचारतात ते मला ठाऊक आहे.)

कचेरीत आमच्या शेजारच्या टेबलावर एक सर्वज्ञ बसतात. नाव वेगळं आहे, पण ते आता त्यांच्या बायकोलाही आठवत नसेल. ते म्हणाले, यंत्राच्या पोटात रबरी पट्टा असतो, तो मोटरची गती वरच्या चकतीला देतो; पट्टा सैल झाला की गती ढळते, तेव्हा तो गरम पाण्यात उकळा म्हणजे आकसेल. मी उकळला. चहाच्या पातेल्यात. पुढचं तुला वेगळं सांगायला नको. त्या दिवसापासूनच तुझी भावजय तोलूनमापून बोलते. पट्टा थोडा आकसला, पण यंत्र आता गचके खायला लागलं. मग सर्वज्ञ म्हणाले, तेल वाळलं असेल. मी शिवणयंत्राचं तेल घातलं, आणि थोडं कमी पडायला नको म्हणून आणखी घातलं, ते पट्ट्यावर ओघळलं, पट्टा घसरायला लागला आणि मास्तर तर जांभया देत असल्यासारखे बोलू लागले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि इथे तो भयंकर प्रसंग घडला. मी स्वयंपाकघरात चिंधी शोधत होतो आणि यंत्र तसंच चालू राहिलं होतं. आई खुर्चीत बसून, आपल्याला काहीतरी शिकवताहेत या आदरानं, चांगला कान तिकडे करून मास्तरांबरोबर व्यायाम करत होती. मास्तर म्हणाले, श्वास घ्या. आईनं घेतला. मास्तर म्हणाले, रोखून धरा. आईनं धरला. आणि पट्टा घसरला! मास्तर पुढचं 'सोडा' म्हणायला निघाले ते पोचेचनात. 'सो' एवढं आलं आणि तिथेच लांबत राहिलं. मी बाहेर येऊन बघतो तर आई लालबुंद, डोळे वटारलेले, पण शिस्त मोडायची नाही! माझी बोबडी वळली. ही धावत आली आणि ओरडली, अहो आई, सोडा! तेव्हा कुठे आईनं श्वास सोडला आणि म्हणाली, मास्तर कडक आहेत हो.

पुढे मी नवा पट्टा आणला (दुकानदारानं आधी जाड दिला, मग बदलून दिला), तेल पुसलं, आणि मला दोन गोष्टींचा शोध लागला. एक, यंत्राच्या तळाला एक भोक आहे, त्यात बारीक पेचकस घालून आतला स्क्रू फिरवला की वेग कमीजास्त होतो. दुसरी, चकतीच्या कडेला ठिपके असतात. जुन्या ट्यूबलाइटच्या उजेडात ते जागच्या जागी उभे दिसले की वेग बरोबर. पुढे सरकले तर जास्त, मागे सरकले तर कमी. आमच्याकडे सगळीकडे नवे दिवे, त्यांच्यात काही दिसेना, म्हणून माळ्यावरची जुनी ट्यूब उतरवून लावली. मग मी टेबलाखाली आडवा, पेचकस हातात, आणि ही वर ठिपक्यांवर नजर लावून. पुढे चाललेत. पुढे चाललेत. आता मागे चाललेत. अहो, पळायला लागलेत! मला खालून काही दिसत नव्हतं, त्यामुळे डोक्यावरून मुंग्यांची रांग चालली आहे असंच वाटत राहिलं. कंबर धरली ती तिथेच.

मधल्या काळात आईचा धीर सुटला होता, म्हणून वेग पुरता बसायच्या आधीच बाबांची तबकडी लागली. जोरात पळाली तेव्हा आई म्हणाली, अगदी हेच, कामावर निघताना असेच बोलायचे. दुसऱ्या दिवशी रेंगाळली तेव्हा म्हणाली, अगदी हेच, जेवण झालं की असे बोलायचे. तिसऱ्यांदा गचके खात चालली तर म्हणाली, सर्दी झाली की यांचं हे असं व्हायचं. आता या बाईला काय विचारायचं? तिला सगळेच बाबा पसंत आहेत!

पण माझी पंचाईत समजून घे. मला बाबा आठवतच नाहीत. काचेच्या खोलीतलं ते यंत्र तरी बरोबर फिरत होतं कशावरून? ते हळू फिरत असेल तर आमचे ठिपके कितीही सरळ उभे राहोत, बाबा घाईतच बोलणार. एकदा चुकीचा आवाज कानात बसला की जन्मभर तेच माझे बाबा. कचेरीत खोटे कागद आले तर ताडून बघायला खरे तरी असतात. इथे माझ्याकडे काहीच नाही. तू त्यांच्यासमोर रोज संध्याकाळी पाढे म्हटलेस, ओरडा खाल्लास. तेव्हा सविस्तर कळव: बाबा भरभर बोलायचे की सावकाश? आवाज जाड होता की पातळ? रागावले की चढायचा की उतरायचा? मी त्याप्रमाणे स्क्रू फिरवीन.

दाजींना नमस्कार. कठड्याचं विसरू नका.

तुझा,
धाकटा

ता. क. वरचं वाचून धावपळ करू नकोस. खरं म्हणजे यंत्र केव्हाच बरं झालं आहे. ठिपके खिळून उभे आहेत. आई रोज दुपारी ऐकते.

ता. क. दुसरा. मी ऐकलेलं नाही. तिन्ही वेळा तबकडी हिनं लावली. मी आधी भाजीला गेलो, मग दळणाला, मग नळ सोडून भांडी घासत बसलो. सुट्टीच्या दिवशीही काहीतरी काढतोच. आईला वाटतं मी तिच्या मागून रोज ऐकतो. कसे वाटले बाबा, विचारते. मी छान म्हणतो. हिनं ते सगळं फोनवर उतरवून मला पाठवूनही दिलंय, त्यामुळे हल्ली बाबा माझ्या खिशात असतात आणि फोन थरथरला की मीही थरथरतो. ताई, मी त्यांच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठा झालोय गं. समोरून एखाद्या पोरगेल्या माणसाचा आवाज आला तर मी त्याला बाबा कसं म्हणू?

ता. क. तिसरा, आणि हा दाजींना वाचून दाखवू नकोस. ही म्हणते, सगळं बोलून झाल्यावर शेवटी माझ्याबद्दल एक वाक्य आहे. सांगू का, म्हणाली, तर मी कानांवर हात ठेवले. वाईट नसेलच, पाळण्यातल्या पोराबद्दल कोण वाईट बोलेल? पण बाबा माझ्याविषयी जे काही बोलले त्यातलं उरलेलं तेवढंच आहे, आणि ते एकदा ऐकलं की मग त्यांच्याकडून ऐकायचं माझं काहीच शिल्लक राहत नाही. तू ये. शेजारी बस, आणि मी उठून पळायला लागलो तर लहानपणी धरायचीस तसा दंड धर.