नॉर्मल मान

१२ फेब्रुवारी

आज वॉर्डातल्या तासाला पुटपुटीनं माझी पार शोभा केली! सगळ्यांच्या मागे लपून उभी राहणारी ही विद्यार्थिनी; नाव मीच पाडलेलं. सहा महिन्यांत तिच्या तोंडून एक धड वाक्य ऐकलं नव्हतं.

थायरॉइड तपासायला शिकवताना मी आधी माझीच मान देते. रोग ओळखायचा तर आधी नॉर्मल काय ते बोटांना कळलं पाहिजे, हे माझं जुनं पालुपद. वॉर्डातल्या स्टुलावर मी बसायचं, एकेकानं मागे उभं राहून चाचपायचं, मी पाण्याचा घोट गिळायचा. तेवीस जण निमूट चाचपून गेले. चोविसावी ही. "मॅडम, उजवीकडे गाठ लागतेय."

सगळे फिदीफिदी हसले. मीही सुनावलं, "नऊ वर्षांत नऊशे पोरांनी ही मान चाचपलीय. तुझीच बोटं तेवढी सोन्याची का?" तिचा चेहरा एवढासा झाला.

बरं झालं. — नाही, बरं नाही झालं.

१३ फेब्रुवारी

हे म्हणाले, "सारखी मान काय चोळतेस?" उशी बदलली म्हणून सांगितलं.

१५ फेब्रुवारी

आरशासमोर तीन ग्लास पाणी संपवलं. लागतं, पण जे लागतं ते नेहमीचंच! माझी बोटंही याच मानेला सरावलेली, त्यांना काय विचारायचं? ओपीडीत दोन पेशंटवर उगाच डाफरले. एका जागी बसवत नाही.

१७ फेब्रुवारी

शेवटी सोनोग्राफीच्या बाईंकडे गेले. जुनी मैत्रीण, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आज बोलता बोलता मध्येच गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, ही आजकालची नाही. बरीच जुनी आहे." अडीच सेंटिमीटर. उद्या सुईनं नमुना घेणार.

घरी सांगितलं. ह्यांनी चहा केला, साखर विसरले. तसाच प्यालो दोघं. मला भीती वाटतेय.

२० फेब्रुवारी

रिपोर्ट नाही अजून. पुटपुटीला खोलीत बोलावून माफी मागितली, तर ती रडायलाच लागली. तिला विचारलं, आधीच्या तेवीस जणांना कशी लागली नाही गं?

"लागली की, मॅडम. सगळ्यांनाच लागली. त्यांना वाटलं, नॉर्मल अशीच असते."

आसपासच्या पाच जिल्ह्यांत कुठल्याही दवाखान्यात जा, डॉक्टर आमच्या कॉलेजचा. दर समारंभात मीच याची फुशारकी मारत आले!

२२ फेब्रुवारी

गाठ साधी निघाली. कॅन्सर नाही! ह्यांनी रिपोर्ट चारदा वाचला आणि मग नुसता चष्मा पुसत बसले.

मी खरं तर नाचायला हवं होतं. त्याऐवजी ऑफिसातून जुन्या बॅचच्या याद्या आणल्या आणि फोन करत सुटले. "मॅडम, तुमची मान कशी विसरू!" हसतात कार्टी. हसू नका म्हटलं. मी चुकीचं शिकवलं. ज्यांना नॉर्मल म्हणून घरी पाठवलंत त्यांना परत बोलवा. एकतीस फोन झाले. घसा कोरडा पडलाय.

२३ फेब्रुवारी

सकाळी आमच्या सुवर्णपदकवाल्याला फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणाला, "मॅडम, आईच्या मानेत मला लागलं होतं. पण अगदी तुमच्यासारखंच, म्हणून निर्धास्त राहिलो." कधीची गोष्ट? "तीन वर्षं झाली." आवाज कसा आहे त्यांचा? "बसलाय हल्ली. वयामुळे..."

थायरॉइडची गाठ आतल्या आत पसरली की आवाज बसतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. फोन चालूच होता.

"आई," त्यानं हाक मारली, "जरा इकडे येऊन बस."