खडकाच्या फटीतली मादी

सर, पाल दिसली तरी खुर्चीवर चढणाऱ्या मुलीला तुम्ही कोळ्यांच्या कामावर का घेतलंत, हे मला अजून कळलेलं नाही. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या बेंगळुरात तुमच्याशी मराठी बोलणारी विद्यार्थिनी मी एकटीच, बहुधा तीच माझी लायकी. शहराबाहेरच्या रानात, ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटतात त्या फटींत राहणाऱ्या एका चपट्या कोळ्याच्या मागे तुम्ही सहा वर्षं होतात. घरच्या भिंतीवरचा कोळी दिसायला तसाच. पण रानातला वेगळा, नवा, असं तुमचं म्हणणं. खरी खूण मादीच्या पोटाखाली, आणि तुमच्या बाटल्यांत सगळे नर.

त्या रविवारी तुम्ही मला खडकाच्या सावलीकडच्या बाजूला पाठवलंत. "फटीत हात घाला, नळी टेकवा, मागून कागद सरकवा. कोळ्याला काय भ्यायचं? भ्यायचंच तर लेबलाला भ्या." मी कोपरापर्यंत हात घालते आहे, आत गार आहे, मनगटावरून काहीतरी सरकतं. मागून लाकडं गोळा करणारी बाई ओरडते, "अक्का, कै हाकबेडी! हावु!" हात घालू नको, साप! अशा वेळी कानडी फार लवकर समजतं. पुढचा तासभर मी त्या फटीसमोर नुसती उभी. परतताना डाकबंगल्याच्या न्हाणीघरात, अंड्यांच्या पांढऱ्या चकतीवर अंग चोरून बसलेली एक चपटी मादी दिसली. ती नळीत घेतली आणि पेन्सिलीनं लेबल लिहिलं: 'खडकाची फट, सावलीची बाजू, झाडी.'

सोमवारी तुम्ही सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढलात. "स्वल्प गडबड झाली की हो. ही तर घरातलीच. म्हणजे दोन्ही एकच." नव्या कोळ्यावरचा सगळा निबंध दोऱ्यानं बांधून कपाटावर टाकलात, आणि वर म्हणालात, "तुम्ही आणलीत म्हणून फजिती टळली." उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत भीत राहिले, आणि तुम्ही गेलातच. त्या रानात पुन्हा पाऊल न टाकता.

आता मी लोकांच्या ढोंगांवर चुरचुरीत लिहून पोट भरते. काल तुमच्या जुन्या खात्यातली एक संशोधिका आली होती. तिला त्याच खडकात मादी मिळाली आहे. तुमच्या बाटलीतल्या, मी आणलेल्या मादीशी ती जुळत नाही. "मॅडम, लेबल तुमच्या अक्षरातलं आहे. फटीतूनच काढली होती ना?" वीस वर्षं झाली त्या लेबलाला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतं आहे. मी तिला हो म्हटलं, सर. आणि तेवढ्यावर थांबले नाही. सरांची नजर तेव्हा जरा अधू झाली होती, असंही म्हटलं.