आभाळातली पांदण

बा,

तू जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुह्यावर चिडली तरी तू उलटून बोलणार नाईस, म्हणून सांगून राह्यली. मले अक्षर येत नाई हे तुले ठाऊकच हाये. मी बोलते, नात लिहिते.

तुही धाकटी लेक बंगळूरले पोराकडं अंथरुणाले खिळली. फोनवर एकच म्हणते, "बाई, येऊन जा वं एकदा." आगगाडीत इतकं बसायले माही कंबर तयार नाई, म्हणून माह्या लेकानं नागपुरातून विमानाचं तिकीट काढलं अन् संगं आला. मुगवड्यांचा डबा पायाशी घेऊन मी बसली. विमान वर निघालं, घरं काडेपेटीएवढी झाली, अन् तेवढ्यात ते असं खाली दबलं की पायाशीचा डबा उडाला. खिडकीतून दुसरं विमान दिसलं, शेपटीवरचा रंग दिसावा इतकं जवळ, अन् सर्रकन आडवं निघून गेलं. मी काय केलं माहीत हाये? "होऽऽ! गाडी हाये इकडं!" तुहीच आरोळी.

शिरपूरच्या बाजाराले जाताना आपली ती पांदण, दोहीकडं काटे, मधात एका बैलगाडीपुरती वाट. वळणावर समोरचा दिसायचा नाई, म्हणून तू आधीच ओरडायचा, अन् रिकाम्या गाडीवाला अलीकडंच काट्यातल्या खिंडारातून वावरात उतरायचा. तिथं जागाच नव्हती. पण आभाळ केवढं रे बा! एवढ्या आभाळात या दोघायले एकमेकाच्या अंगावर यायचं काय अडलं होतं?

विमान परत नागपुरातच उतरवलं. दुसरं विमान दिलं, त्यात सगळे चढले. माहा लेक नाई.

"आई, तुहं बीपी."

"काय झालं माह्या बीपीले?"

"विमानात कोणी ओरडते काय? लोक पाहून राह्यले होते."

"मंग काय टाळ्या वाजवू?"

घामानं रुमाल त्याचा भिजला, अन् बीपी म्हणे माहं. टॅक्सी करून मले वाशिमले परत आणलं. तवापासून मी रोज विचारते, तो रोज म्हणते, "पाहू." तिकडं धाकटीचा आवाज बारीक होत चालला, इकडं याचं पाहू सरत नाई.

तू तरी कोठं वेगळा होता? वळण आलं की आमा दोघी बहिणींले गाडीतून उतरवायचा. "पायी या मागून." आमी हात धरून धुळीत चालायचो. मले वाटे, याले बैलाची कीव येते, पोरीयची नाई. आता समजलं, गाडी उलटली तर तू एकटा उलटशील, हा हिशोब होता. माहा लेक तुह्यावरच गेला. पण तुमी दोघं मले उतरवून कुठवर ठेवणार? तवा खाली आमी दोघी होतो. आता मी एकटीच उतरली, अन् धाकटीची गाडी पुढं चालली.

म्हणून नातीले म्हणलं, काढ वं तिकीट, आपण दोघी जाऊ. लेक दोन घास जेवला नाई. मंग म्हणाला, "विमानतळावर सोडून देतो."

नात विचारते, पत्ता काय टाकू? म्हणलं, घडी करून ठेव मुगवड्यांच्या डब्यात. भेव वाटून राह्यलं मले, बा. हे लिहू नको म्हणलं, तरी पोरगी लिहून राह्यली. या खेपेले मी काही उतरत नाई. तू फक्त वळणावर ओरड.